ब्रेल हाउसची जुनी कॅलेंडरं

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या स्टाफरूमबाहेर जुन्या कॅलेंडरांचा ढीग लागायला सुरुवात होते. सराफाची, पतसंस्थेची, बँकेची, औषधाच्या दुकानाची. कुणाच्या पानावर दुधाचे खाडे मांडलेले, कुठे नवा सिलिंडर लावल्याची तारीख, कुठे लाल पेनाने गोल करून ‘आईचा चेकअप’. वर्षभर भिंतीवर टांगलेलं एक घरच मुलं गुंडाळी करून घेऊन येतात. ही कॅलेंडरं रद्दीत जात नाहीत, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर ब्रेल लिहिलं जातं. हे काम आमच्या हाउसचं आहे आणि ते कसं सुरू झालं ते मला नीट लिहून ठेवायचं आहे.

आमची शाळा पुण्यात, कर्वेनगरच्या बाजूला. शाळेत चार हाउस आहेत आणि चारही शोधकांच्या नावांची: एडिसन, मार्कोनी, भिसे आणि ब्रेल. भिसे म्हणजे शंकर आबाजी भिसे, १८६७ साली मुंबईत जन्मलेले, छपाईचे खिळे पाडणाऱ्या यंत्रासाठी नावाजलेले. मी मराठी शिकवते आणि सहा वर्षांपासून पिवळ्या टी-शर्टवाल्या ब्रेल हाउसची जबाबदारी माझ्याकडे आहे. प्रत्येक हाउसने वर्षाकाठी एक सेवा उपक्रम करायचा, असा आमच्याकडे जुना नियम आहे.

पहिल्या वर्षी आम्ही जे केलं ते बहुतेक शाळा करतात. वर्गणी काढली. चाळीस मुलांपुरती केळी, बिस्किटांचे पुडे आणि एकेक वही घेतली, बस ठरवली आणि अंध मुलांच्या एका वसतिगृहात गेलो. गाणी झाली, फोटो झाले. आमच्या मुलांनी एकेकाच्या हातात वही दिली, त्यांनी एका सुरात ‘धन्यवाद’ म्हटलं. परतीच्या वाटेवर बस म्हात्रे पुलावर अडकली होती, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने मला विचारलं, “बाई, वहीला रेघा होत्या. त्या त्यांना कशा दिसणार?”

मला उत्तर देता आलं नाही. ब्रेलच्या नावाच्या हाउसने अंध मुलांना रेघी वह्या वाटल्या होत्या आणि त्यांतल्या एकानेही आम्हाला तसं बोलून दाखवलं नव्हतं. त्यांचा तो समजूतदारपणा मला फार लागला.

पुढच्या शनिवारी मी एकटीच परत गेले. वसतिगृह सांभाळणाऱ्या ताई ऑफिसात होत्या. मी सरळ विचारलं, तुम्हाला खरं काय लागतं? त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, खायला घालणारे पुष्कळ येतात. पितृपक्षात तर पंगतीला दिवस शिल्लक राहत नाही. तुम्ही आलात त्या दिवशी सकाळी एका ऑफिसचा नाश्ता झाला होता, दुपारी वाढदिवसाचं जेवण. पोरांची पोटं भरलेली होती.” मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. लिहायला जाड कागद. पुस्तकं वाचून दाखवायला माणसं. आणि मार्चमध्ये दहावीच्या पेपरांना रायटर, म्हणजे मुलं सांगतील ते लिहून देणारे. निघताना त्या म्हणाल्या, “येणार असाल तर वर्षभर या. एकदा येऊन गेलेल्या मुलांचे आवाज आमची पोरं दोन-दोन महिने विचारत बसतात.”

त्या तीन गोष्टींतली सगळ्यांत सोपी होती कागद, म्हणून तिथून सुरुवात केली.

झेरॉक्सचा कागद असतो ७०-७५ जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा. ब्रेलला त्याच्या जवळजवळ दुप्पट जाड कागद लागतो, कारण ठिपका टोचल्यावर तो फाटता कामा नये आणि बोट फिरून फिरून बसता कामा नये. असा कोरा कागद महाग पडतो आणि ब्रेल जागाही फार खातं, छापील एका पानाची दोन-तीन पानं सहज होतात. सरावाला, कच्च्या लिखाणाला मोठ्या कॅलेंडरचा गुळगुळीत कागद चांगला चालतो. पुढे चित्र आहे की तारखा, याने काही बिघडत नाही.

पहिल्या खेपेला आम्ही आली ती सगळी कॅलेंडरं जशीच्या तशी पोचवली आणि निम्मी परत आली. वरची पत्र्याची पट्टी काढलेली नव्हती, तिची धार बोटाला लागते, आणि ज्यांचं वाचनच बोटांवर आहे त्यांच्या बोटाला कापलं तर आठवडा जातो. तेव्हापासून पट्टी पकडीने उघडायची, पिना काढायच्या, ब्रेल लिहायच्या पाटीच्या मापाने पानं कापायची, हे सगळं शाळेतच होतं. पत्रा आणि पक्कड फक्त नववीच्या मुलांच्या हातात, कातरकाम सातवी-आठवीचं. पाचवीची मुलं कागद तपासतात: कोपऱ्यात एक ठिपका टोचायचा, उलट बाजूने बोट फिरवायचं. ठिपका उभा राहिला तर डावीकडच्या गठ्ठ्यात, आरपार भोक पडलं तर रद्दीत. दुसऱ्या वर्षापासून काही मुलं टोचायच्या आधी नुसतं पान हलवून त्याच्या आवाजावरून सांगायला लागली.

ठिपका टोचायला पाटी आणि स्टायलस, म्हणजे टोकदार टोचणी, लागतं. ते वसतिगृहातल्याच एका शिक्षकांनी आम्हाला दिलं आणि शिकवलंही. सर स्वतः दृष्टिहीन आहेत. दोन शनिवार ते डेक्कनला बस बदलून एकटे आमच्या शाळेत आले. न्यायला माणूस पाठवू का विचारलं तर म्हणाले, “फक्त तुमच्या गेटपासून पायऱ्या किती ते सांगा.”

पाटी म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्या, मधे कागद धरायचा. वरच्या पट्टीला खिडक्यांसारखी घरं, खालच्या पट्टीत प्रत्येक घराखाली सहा खळगे. टोचलेला ठिपका कागदाच्या पलीकडच्या बाजूला उठतो, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं. पान उलटलं की ते डावीकडून उजवीकडे सुलटं वाचता येतं. आमच्या मुलांची पहिली सगळी चूक इथेच झाली. अक्षर उलटवायचं राहिलं की इ चा ए होतो, ह चा ज होतो. एकाने ‘हे’ लिहिलं, सरांनी बोट फिरवून ‘जि’ वाचलं. आणि ल उलटवला नाही तर तो ळ होतो! ल म्हणजे डावीकडचे तीन ठिपके, ळ म्हणजे उजवीकडचे तीन. मराठी शिकवणारी मी, ल आणि ळ हे एकमेकांचं प्रतिबिंब आहेत हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं आणि त्या दिवशी मला घरी जाऊन कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

भारती ब्रेलमध्ये काना-मात्रा वेगळ्या नाहीत. क नंतर आ लिहिला की का. जोडाक्षरात आपण पाय मोडतो तो अक्षर लिहून झाल्यावर, तिथे पाय मोडल्याची खूण अक्षराच्या आधी येते. ऱ्हस्व-दीर्घ मात्र तिथेही सुटत नाही, इ ला दोन आणि चार नंबरचे ठिपके, ई ला तीन आणि पाच (डावीकडे वरून खाली एक-दोन-तीन, उजवीकडे चार-पाच-सहा). ही पद्धत १९५१ पासूनची. त्याआधी आपल्याकडे वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या ब्रेल लिप्या चालत.

या सगळ्यानंतरच मी मुलांना लुई ब्रेलची गोष्ट सांगितली, आधी नाही. जन्म ४ जानेवारी १८०९, पॅरिसजवळच्या कूप्व्रे गावात. वडील खोगिरं आणि लगाम बनवायचे. तिसऱ्या वर्षी त्यांच्याच आरीने डोळ्याला इजा झाली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला, पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली. दहाव्या वर्षी पॅरिसच्या अंधशाळेत. तिथे चार्ल्स बार्बिए नावाच्या माणसाची ठिपक्यांची लिपी आली. तिच्यात एका खुणेला बारापर्यंत ठिपके, बोटाच्या एका स्पर्शात न मावणारे. लुईने ते सहावर आणले. सहा ठिपक्यांतून ६३ खुणा होतात. हे त्याने १८२४ साली केलं, पंधराव्या वर्षी. वर्गात हे सांगितलं तेव्हा नववीची मुलं एकमेकांकडे बघायला लागली, कारण त्यांतली बरीचशी तेव्हा चौदा-पंधराचीच होती. १८५२ साली तो वारला तोवर त्याच्याच शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारलेली नव्हती, ते झालं १८५४ मध्ये.

त्याच्या चरित्रात आणखी एक गोष्ट सांगतात. तो गेल्यावर एक लहान पेटी सापडली, ‘न उघडता जाळून टाका’ असं लिहिलेली. मित्रांनी उघडली तर आत विद्यार्थ्यांना उसने दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या होत्या. आमच्या हाउसच्या फळ्यावर मी बाकी काही लिहिलं नाही, एवढी पेटीची गोष्ट लिहिली. ती अजून आहे, दर जूनमध्ये मुलं ती पुन्हा ठळक करतात.

वाचून दाखवण्याचं काम फार सांगण्यासारखं नाही. महिन्यातून दोन शनिवार आठ-दहा मुलं जातात, बालभारतीचं पुस्तक नाहीतर गोष्टी वाचतात, फोनवर रेकॉर्ड करून देतात. नेमाने चालू आहे.

रायटरचं काम मात्र वेगळं. त्याला खरी तयारी लागते.

दहावीच्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला पेपर लिहायला लेखनिक मिळतो. सगळे त्याला रायटरच म्हणतात. रायटर खालच्या इयत्तेतला असावा लागतो, म्हणजे दहावीला नववीचा. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. इतिहास-राज्यशास्त्राचा ४० गुणांचा पेपर दोन तासांचा, तो दोन तास चाळीस मिनिटांचा होतो. तीन तासांचा पेपर चार तासांचा. अर्ज परीक्षार्थीच्या शाळेकडून जातो, त्याला रायटरच्या शाळेचं बोनाफाईड, फोटो आणि मुख्याध्यापकांची सही लागते. यातलं काहीही मार्चच्या तोंडावर धावपळ करून होत नाही. आम्ही नोव्हेंबरमध्ये सुरू करतो.

पालकांना पटवणं अवघड गेलं. नववीचं वर्ष, चार-पाच दिवस वर्ग बुडणार, वर दुसऱ्याच्या बोर्डाच्या पेपरची जबाबदारी. एका मुलीची आई मला म्हणाली, “बाई, माझ्या मुलीच्या अक्षरामुळे त्या मुलाचे मार्क गेले तर?” हा प्रश्न मला अतिशय योग्य वाटला. ज्या घरातून असा प्रश्न येतो त्या घरातलं मूल हे काम नीट करणार, असं माझं मत आहे आणि ते अजून बदललेलं नाही. ती मुलगी रायटर झाली.

तिची जोडी जमली तो मुलगा शांत, थोडक्यात बोलणारा. डिसेंबरपासून दर रविवारी दोघं जुने पेपर सोडवायला बसायची, मी बाजूला. पहिल्या दिवशी तिने प्रश्नपत्रिका आपण मनात वाचतो त्या वेगाने वाचली. त्याने हात वर केला. “आधी एकूण प्रश्न किती आणि कोणाला किती गुण ते सांग. मग पहिल्यापासून वाच.” आपण पेपर हातात आला की नजर खालपर्यंत टाकतो, तेवढंच त्याला हवं होतं. मग आलं ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’. ती गप्प झाली. चित्र वाचायचं कसं? दोनदा अडखळून तिने सांगितलं, “मधे एक चौकोन आहे. त्यात लिहिलंय प्रसारमाध्यमे. त्याच्यातून चार बाण. तीन भरलेत, उजवीकडचा खालचा रिकामा आहे.” तो म्हणाला, “हां, आता दिसलं.” हा शब्द तो सहज वापरतो, ‘दिसलं’.

तिसऱ्या रविवारी वृत्तपत्रांवरची टीप होती. त्याने सांगायला सुरुवात केली, “दर्पण हे वृत्तपत्र भाऊ महाजन यांनी...” आणि तिचं पेन थांबलं. तिला ठाऊक होतं की दर्पण बाळशास्त्री जांभेकरांचं, १८३२ सालचं, आणि भाऊ महाजनांचं ते प्रभाकर. ती काही बोलली नाही. ओठ घट्ट मिटून बसली होती. पण पेन थांबलं होतं.

तो लगेच म्हणाला, “चुकलं ना?”

ती घाबरली. “मी काहीच बोलले नाही, दादा.”

“पेन थांबलं तुझं. मला ऐकू येतं.” मग जरा वेळाने म्हणाला, “थांबवत जाऊ नकोस. चुकीचं सांगितलं तर चुकीचं लिही. पुढे मी वाचून दाखव म्हणेन तेव्हा माझं मला कळलं तर मी बदलेन. तू थांबलीस आणि मी बदललं, तर ते मार्क माझे नाहीत.”

मी तिथेच बसले होते. वीस-बावीस वर्षं मी पर्यवेक्षण केलंय, कॉपी पकडलीय, मुलांना प्रामाणिकपणावर बोलले आहे. एवढं स्वच्छ मी कधी ऐकलं नव्हतं. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने ते पुसलं आणि ‘भाऊ महाजन’ लिहिलं. पुढचे दोन रविवार तिने फक्त एकच सराव केला: काहीही कानावर पडलं तरी पेन चालतं ठेवायचं. घरी वडिलांना मुद्दाम चुकीची वाक्यं सांगायला लावून ती लिहायची. हे मला तिच्या आईने नंतर सांगितलं.

शुद्धलेखनाचीही अडचण होती. तो ‘दीर्घ’ किंवा ‘ऱ्हस्व’ असं स्वतः सांगतो, जिथे सांगत नाही तिथे तिने विचारायचं नाही, कारण विचारणं हीसुद्धा सूचनाच. सरांनी रायटरच्या बैठकीत एक वाक्य सांगितलं होतं, ते मी सगळ्या नव्या मुलांना सांगते: “डोळे द्यायचे आणि हात द्यायचा. डोकं आपल्याजवळ ठेवायचं.”

पेपरच्या दिवशी त्यांना वेगळी खोली होती, बोलण्याचा इतरांना त्रास नको म्हणून. मी गेटबाहेर, बाकी पालकांमध्ये. दोन तासांनी सगळी मुलं बाहेर आली, गर्दी ओसरली, रस्ता रिकामा झाला. मग चाळीस मिनिटांनी ही दोघं आली, तिच्या कोपरावर त्याचा हात. तिचं मधलं बोट पेनाने दबून लाल झालं होतं. पेपर कसा गेला ते मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, “एकदाही थांबली नाही.” निकाल लागला तेव्हा त्याने पहिला फोन तिला केला.

शाळेत एक अडचण राहिली होती. उपक्रमाचे गुण द्यायचा तक्ता जुना, त्यात ‘वस्तूंची संख्या’ आणि ‘लाभार्थी संख्या’ असे रकाने. रविवारचे तास कुठे लिहायचे? एका मुलाला चार महिने दिले, तर लाभार्थी एक. त्या वर्षी आम्ही चौथे आलो आणि मुलं खट्टू झाली. मी मुख्याध्यापिकांकडे गेले, दोनदा गेले. आता तक्त्यात ‘दिलेला वेळ’ असा रकाना आहे आणि तो चारही हाउसना लागू आहे. भिसे हाउसच्या मुलांनी यंदा वस्तीतल्या आजी-आजोबांना बँकेचे फॉर्म भरून द्यायचं काम घेतलं, ते या रकान्यामुळे.

या जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एक जाड पाकीट आलं. ते चिकटवलेलं नव्हतं. ब्रेल मजकूर उघड्या पाकिटात पाठवला की टपाल खातं हशील घेत नाही. आत कॅलेंडरचं एक पान होतं, एका बाजूला फेब्रुवारी आणि दुसऱ्या बाजूला ठिपके. हाउस कॅप्टनने ते खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं, कारण आमची मुलं अजून ब्रेल डोळ्यांनीच वाचतात, ठिपक्यांची सावली पडली की अक्षर लागतं. दहा-बाराजणांनी मिळून, एकेक अक्षर फळ्यावर उतरवत, मधल्या सुट्टीचा अर्धा वेळ घालवला. पहिल्या ओळीत नमस्कार. मग असं होतं: ‘वर दोन भोकं असलेला गुळगुळीत कागद चांगला आहे. खरखरीत कागद पाठवू नका, ठिपके लवकर बसतात.’

आम्ही कॅलेंडरं लावतो ती चित्रांवरून: गणपतीची एकीकडे, किल्ल्यांची एकीकडे. दोन भोकांचं कोणतं, खरखरीत कोणतं, कुणालाच सांगता येईना. कॅप्टनने कपाटातला शिल्लक गठ्ठा खाली काढला, सगळे जमिनीवर बसले आणि डोळे मिटून पानांवरून हात फिरवायला लागले. घंटा झाली तरी उठले नाहीत, मीही उठवलं नाही. खरखरीत निघालं ते किल्ल्यांचं, आम्ही सगळ्यांत चांगलं समजून वर ठेवलेलं. दोन भोकांचं एका औषध दुकानाचं होतं. त्या दुकानात जाऊन यंदाची किती शिल्लक आहेत ते विचारायचं काम सातवीतल्या दोघांनी घेतलं आहे.